तिसऱ्या गिअरमधला एक सेकंद : जुन्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं निदान

गाडी २००७ ची, स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्यात जुळवलेली. १७८१ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस व्हॉल्व, १५० हॉर्सपॉवर, पाच गिअर. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या त्या काळी शंभर हॉर्सपॉवरच्या खालीच होत्या. त्यामुळे या गाडीला वेगळा मान होता, आणि जपून ठेवणाऱ्यांच्या मनात तो अजून आहे.

मालक इंजिनीअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना सरच म्हणतो. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोर त्यांनी गाडी लावली, डिकी उघडली आणि आतलं खोकं दाखवलं. चार कॉइल, चार प्लग, पेट्रोल फिल्टर, पेट्रोल पंप आणि इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर. सगळे काढलेले जुने पार्ट, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तारीख. सहा महिन्यांत दोन गॅरेजांनी हे सगळं बदललं होतं.

"एवढं बदलूनही ती तशीच अडखळते, मेस्त्री," सर म्हणाले. "आता राहिलं काय?"

काय बदललं हे मी लिहून घेतलं, पण त्याआधी नेमकं कधी अडखळते ते विचारलं. गिऱ्हाईक "पिकअप नाही" म्हणतं तेव्हा त्या दोन शब्दांत पन्नास आजार बसतात. सरांचं उत्तर मात्र शिक्षकाला शोभेल असं होतं. सकाळी गार इंजिनवर काही नाही. इंजिन तापल्यावर चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, आरपीएमचा काटा २२०० ते २५०० च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी आधी पुढे झेपावते. मग कुणीतरी मागून धरल्यासारखी सेकंदभर अडते, एक-दोन झटके देते आणि नंतर काहीच झालं नसल्यासारखी सुसाट निघते. हळूहळू दाबलं तर अडखळत नाही. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, शांत. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा नाही.

सरांचं स्वतःचं निदान तयार होतं : इथेनॉल. २०२५ पासून जवळजवळ सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि त्रासही साधारण तेव्हाचाच. शिवाय त्यांच्याकडे पुरावाही होता. दुसऱ्या गॅरेजने काढलेला स्कॅनरचा फोटो. त्यात चालत्या गाडीचा फ्युएल ट्रिम अधिक आठ टक्के दिसत होता. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला नेहमीपेक्षा आठ टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागत होतं. मिश्रण 'लीन' पडतंय, पेट्रोल कमी पोचतंय, म्हणून फिल्टर गेला, पंप गेला. विचार चुकीचा नव्हता, फक्त अर्धा होता.

मी लॅपटॉप जोडला. बिघाडाचा कोड एकही नाही. आयडलचा ट्रिम शून्याच्या जवळ, चालीतला अधिक आठ. इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाला, कुठे साधी व्हॅक्यूम गळती असती तर ती आयडलला आधी दिसली असती, कारण तेव्हा इंजिन कमी हवा घेतं आणि चोरून आलेली थोडी हवाही मोठी ठरते. इथे आयडल स्वच्छ होतं.

मग आठ टक्के कुठून आले? साधं गणित आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. वीस टक्के मिसळलं की मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के इंधन जास्त सोडावं लागतं, आणि २००७ चा कॉम्प्युटर ते धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून गुपचूप शिकून घेतो. खात्री म्हणून याच इंजिनाच्या दुसऱ्या एका तब्येतीत असलेल्या गाडीचा ट्रिम मी त्याच आठवड्यात पाहिला. तिची टाकी सरांच्याच पंपावर भरली होती. अधिक सात. ती गाडी कुठेही अडखळत नाही. सरांना हे पटलं, पण आवडलं नाही.

आता ट्रायल. जागा पन्हाळ्याची. वाघबीळपर्यंत पोचेतो इंजिन पुरतं तापतं, आणि पुढचा चढ तिसऱ्या गिअरला हवा तसा मिळतो. सकाळी लवकर गेलो. मी चालवत होतो, शेजारी आमचं पोरगं लॅपटॉप घेऊन. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हा आमच्याकडचा नियम.

अडखळणं पहिल्याच झटक्यात मिळालं. सर म्हणाले होते तसंच, बरोबर सेकंदभर. चार वेळा केलं, चारही वेळा आलं. असा इमानदार आजार मिळाला की अर्धं काम झालं म्हणायचं. खरे छळतात ते आठवड्यातून एकदा येणारे.

पहिला प्रश्न : ठिणगी की मिश्रण? टर्बो गाडीत कॉइल किंवा प्लग दुबळा असेल तर तो नेमका बूस्टवरच, म्हणजे टर्बो हवा दाबून भरतो तेव्हाच, मार खातो, कारण दाबलेल्या हवेत ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. या इंजिनाच्या कॉइल जाणंही नवं नाही. पण कॉइल गेली तर एकच सिलिंडर मिस मारतो. मिसफायर मोजणारा आकडा चारही सिलिंडरांत विखुरलेला होता : तीन, एक, दोन, दोन. चौघांना एकदम पडसं झालं तर दोष चौघांच्या नाकात नसतो, खोलीच्या हवेत असतो. तरी प्लग काढून गॅप पाहिली. ०.८ मिलिमीटर, ठीक. कॉइलचा विषय संपला.

दुसरा प्रश्न : पेट्रोल पोचतं का? यासाठी स्कॅनर नको, गेज हवं. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलला गेज जोडलं, लांब होजने बॉनेटच्या फटीतून बाहेर काढलं आणि काचेबाहेर वायपरजवळ पट्टीने चिकटवलं. पेट्रोलची होज गाडीच्या आत घ्यायची नाही, कितीही घाई असली तरी. या गाडीत रेग्युलेटर इनटेकमधल्या दाबापेक्षा तीन बार वर पेट्रोल ठेवतो. त्याची व्हॅक्यूम नळी काढली की तीन, आयडलला अडीचच्या आसपास, बूस्टवर साडेतीन. पन्हाळ्याच्या चढावर गाडी अडखळली त्या क्षणी काटा साडेतीनवर खिळ्यासारखा उभा. पेट्रोलही संशयातून सुटलं. सरांच्या खोक्यातला पंप उगाचच निघाला होता.

इथे एक चूक माझीही. गिअर बदलल्यावर, ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना खोट येते म्हणून मी डायव्हर्टर व्हॉल्ववर संशय घेतला. ॲक्सिलरेटर सोडला की जादा दाब टर्बोच्या आधीच्या बाजूला वळवणारा हा व्हॉल्व. त्याचा रबरी पडदा फाटला तर बूस्ट परत सक्शनला पळतो. शेडमधला चांगला व्हॉल्व लावून बघितला. फरक शून्य. खरं म्हणजे तो लावण्याआधी हातातला लॉग, म्हणजे लॅपटॉपने ट्रायलमध्ये टिपलेले आकडे, नीट वाचला असता तर ती खटपट वाचली असती, कारण बूस्टचा आकडा तिथेच होता. कॉम्प्युटरने मागितलेला दाब १५०० मिलिबार, मिळालेला १४८०. कोल्हापुरात इंजिन बंद असताना दाबाचा सेन्सर ९४५ च्या आसपास, म्हणजे नुसता बाहेरच्या हवेचा दाब, दाखवतो. म्हणजे टर्बो हवा तेवढा दाब तयार करत होता. टर्बो, बूस्टचा कंट्रोल, टर्बोनंतरचे पाइप, डायव्हर्टर, सगळे एका आकड्यात निर्दोष.

मग एअरफ्लोचा आकडा. पूर्ण दाबून वरच्या आरपीएमला सेकंदाला ९८ ग्रॅम. ढोबळ हिशेब असा की हॉर्सपॉवरला ०.८ ने गुणलं की ग्रॅम येतात, म्हणजे १५० ला १२०. ९८ बघून कुणीही म्हणेल सेन्सर गेला, आणि आधीच्या गॅरेजने तेच म्हणून तो बदलला. मी सरांच्या खोक्यातला जुना सेन्सर लावून तीच ट्रायल परत केली. ९७.

इथे मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. दोन वेगळे सेन्सर, एक सतरा-अठरा वर्षांचा, एक चार महिन्यांचा. दोघेही बिघडलेले आणि दोघेही नेमके तेवढेच बिघडलेले, हे होत नाही. दोन साक्षीदार न भेटता एकच जबानी देत असतील तर जबानी खरी मानावी. सेन्सरसमोरून खरंच ९८ ग्रॅमच हवा जात होती. पण तो एक सेकंद गेल्यावर गाडी मात्र १२० ग्रॅमच्या जोरात धावत होती. मग उरलेली हवा आली कुठून?

वहीत हिशेब केला. ३००० आरपीएमला १७८१ सीसीचं फोरस्ट्रोक इंजिन मिनिटाला दीड हजार वेळा भरतं. सेकंदाला साडेचव्वेचाळीस लिटर. १५०० मिलिबार दाब आणि ४५ अंश तापमानाला हवा लिटरला १.६४ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे ७३ ग्रॅम. सिलिंडर कधीच पूर्ण भरत नाही, ८५ टक्के धरा. ६२. लॉगमध्ये अडखळण्याच्या क्षणी सेन्सर सांगत होता ५१.

दाब पूर्ण आणि मोजलेली हवा कमी. या दोन गोष्टी एकत्र एकाच ठिकाणी खऱ्या होऊ शकतात : सेन्सरच्या पुढे आणि टर्बोच्या आधी. तिथे भोक असेल तर टर्बो त्यातून बाहेरची हवा ओढतो. ती हवा मोजलेली नसते, पण दाबली मात्र जाते. कॉम्प्युटर ५१ ग्रॅमचं पेट्रोल सोडतो, सिलिंडरमध्ये असतात ६२. मिश्रण लीन, झटका. मग ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, कॉम्प्युटरची पेट्रोलमधली दुरुस्ती चढत चढत अधिक एकवीस टक्क्यांवर पोचते आणि गाडी सुटते. लॉगमध्ये ही चढण स्वच्छ दिसत होती आणि तिला लागलेला वेळ होता साधारण एक सेकंद. सरांचा तोच सेकंद. गार इंजिनला त्रास का नाही, तेही इथेच कळलं. इंजिन तापेपर्यंत कॉम्प्युटर मुळातच पेट्रोल जास्त सोडतो, त्यात ही कमतरता झाकली जाते.

(भोक टर्बोच्या नंतर असतं तर उलट झालं असतं. मोजलेली हवा बाहेर गेली असती आणि धूर काळा आला असता. पुष्कळ जण दोन्ही गळत्या एकाच वजनात मोजतात.)

आरोपी ठरला : एअरफ्लो सेन्सरपासून इंजिनच्या मागे टर्बोपर्यंत जाणारा रबरी सक्शन पाइप. आता फक्त स्मोक मशीन लावायचं, धूर कुठून येतो बघायचं, घरी जायचं. सेन्सर काढून त्या तोंडातून धूर सोडला. दहा मिनिटं. कुठेही काही नाही. टॉर्च लावून, आरसा घालून पाहिलं. सुका, स्वच्छ पाइप.

सर स्टुलावर बसून बघत होते. "तुमचं गणित चुकलं का हो?" त्यांनी विचारलं, आणि आवाजात थोडा आनंद होता असं मला वाटलं.

गणित मी दोनदा तपासलं. मग बॉनेट उघडं ठेवून हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय, पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम चावेल इतपत सोडला. पोरगं बाजूला उभं होतं. अशा वेळी गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही.

"मेस्त्री, इंजिन केवढं मागं पडतंय बघा की!"

आडवं बसवलेलं इंजिन चाकांना पुढे ढकलतं तेव्हा स्वतः वरच्या अंगाने मागे झुकतं. थोडं झुकणं ठरलेलंच असतं. ते आवरायला खाली एक माउंटिंग असतं, हाडकासारखं दिसतं म्हणून डॉग बोन म्हणतात. गाडी वर घेतली. डॉग बोनचं रबर मधोमध फाटून दोन तुकड्यांत होतं. बाहेरून बसल्या जागी ठीक, टॉमी घालून हलवलं की लोंबतं.

गिअरबॉक्सच्या पुढच्या कडेखाली लाकडी ठोकळा, त्याखाली जॅक, आणि इंजिनचं पुढचं अंग दोन बोटं उचललं. म्हणजे जोर लावल्यावर ते जसं झुकतं तसंच, फक्त बंद इंजिनावर. स्मोक मशीन परत चालू केलं. अर्ध्या मिनिटात टर्बोजवळच्या वळणावरून, पाइपच्या खालच्या अंगाने, धुराची जाड दोरी वर आली. जॅक उतरवला, धूर बंद. चढवला, धूर सुरू. सर स्टुलावरून उठून जवळ आले आणि त्यांनी स्वतः जॅकचा दांडा तीनदा वर-खाली केला.

पाइप काढल्यावर चीर दिसली, बोटाएवढी लांब, घडीच्या आत. सरळ असताना ओठ मिटल्यासारखे मिटायचे. आतून पाइप तेलकट आणि मऊ होता. या पाइपात इंजिनच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीची, वाफ येते, ती तेलाने रबर फुगवते. शेजारी टर्बोची भट्टी. वर दर वेळी जोर लावला की इंजिनची ओढ. सतरा-अठरा वर्षं हे सोसल्यावर कुणाचंही रबर फाटेल, त्यात बनवणाऱ्याचा काही दोष मी धरत नाही. माझ्या मते डॉग बोन आधी गेला आणि त्याने पाइपला मारलं. नुसता पाइप बदलून गाडी दिली असती तर ती वर्षभरात परत आली असती.

पण पार्ट मागवण्याआधी एक गोष्ट करायचीच होती. सरांच्या डिकीतलं खोकं मला सारखं दिसत होतं. चिरेवर स्वतःला चिकटणारी सिलिकॉनची पट्टी चार वेढे घट्ट ताणून गुंडाळली, पाइप परत बसवला आणि फाटका डॉग बोन तसाच ठेवून पन्हाळ्याला गेलो. ३००० आरपीएमला सेन्सरचा आकडा ५९. ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती एकवीसवरून सहावर. झटका नाही. परत येईपर्यंत पट्टीचं एक टोक सुटू लागलं होतं, पण तिचं काम झालं होतं. पन्नास-साठ रुपयांच्या पट्टीने निदान सिद्ध केलं. आता पैसे खर्च करायला हरकत नव्हती.

डॉग बोनवरून आमची थोडी चर्चा झाली. सरांना कडक पॉलियुरेथेनचा बुश हवा होता, इंजिन हलूच नये म्हणून. मी नको म्हणालो. रेसला ठीक आहे, पण रोजच्या गाडीत तो थरथर थेट स्टिअरिंगपर्यंत आणतो, आणि ज्या इंजिनाला थोडं हलायची सवय आहे त्याला बांधून टाकलं की ताण दुसऱ्या माउंटिंगांवर जातो. माझ्याच गल्लीत बुश पुन्हा ओतून देणारे आहेत, तोही मोह आवरला. कंपनीच्या मापाचा रबरी मागवला. नऊ दिवस लागले. पाइपही रबरीच, दोन्ही टोकांना नवे क्लॅम्प. पाइप बाहेर होता म्हणून ब्रीदरची मऊ पडलेली नळी आणि तिचा एकमार्गी व्हॉल्व त्याच वेळी बदलला. ब्रीदरची नळी चिखलासारखी झाली होती, ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकली नसती.

पाइप बसवणं कटकटीचं आहे, तेवढं सांगतो. टर्बोकडचं तोंड दिसत नाही, हाताच्या अंदाजाने बसवावं लागतं, आणि क्लॅम्पचा स्क्रू कुठल्या बाजूला येईल ते आधी ठरवलं नाही तर नंतर स्क्रूड्रायव्हर पोचतच नाही. मी एकदा ठरवायला विसरलो आणि सगळं परत उतरवलं.

शेवटची ट्रायल सरांनी स्वतः चालवली. ३००० ला ६१ ग्रॅम, वरच्या टोकाला ११९. अडखळण्याच्या जागी दुरुस्ती अधिक-उणे चारच्या आत. मिसफायर चारही सिलिंडरांत शून्य. स्मोक मशीन जॅक चढवून आणि उतरवून, दोन्ही वेळा कोरडं. चालीतला ट्रिम अजूनही अधिक आठ.

"हे आठ मात्र गेले नाहीत," सर म्हणाले.

"ते टाकीतले आहेत, सर."

गाडीत तेव्हा सरांचा जुना एअरफ्लो सेन्सर होता, पडताळणीसाठी लावला तो मी काढलाच नव्हता. चार महिन्यांचा नवा लावून एक फेरी मारली. ११७. सरांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, जुना परत बसवायला सांगितला आणि नव्या सेन्सरवर चिकटपट्टी लावून, तारीख घालून तो डिकीतल्या खोक्यात ठेवला.